पाळकसाहेबांची खुर्ची

पाळकपदाचा जेवढा अपमान आमच्या पाळकसाहेबांनी केला, तेवढा अख्ख्या कोल्हापुरात कुठल्या नास्तिकालाही जमला नसेल. मी आमच्या चर्चच्या पंचांचा सेक्रेटरी. माझं म्हणणं एवढंच, की पाळकानं पाळकासारखं राहावं. झगा घालावा, उपदेश करावा, लोकांचे सलाम घ्यावेत. आणि हा माणूस दर शनिवारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चर्चचा संडास धुणार. आम्ही झाडलोटीला माणूस ठेवला, तर त्याला पायरीवर बसवून चहा पाजला आणि खराटा स्वतःच्या हातात घेतला. "त्येच्या गुडघ्याला सूज हाय," म्हणे. मग माणूस ठेवला कशाला आम्ही, चहा प्यायला?

एका लग्नाला पुण्याचे पाहुणे सुटाबुटात आलेले. साहेब ऐन वेळी झगा चढवून उभे राहिले खरे, पण वधूवरांच्या डोक्यावर आशीर्वादाचे हात ठेवले आणि फिनेलचा वास पहिल्या बाकापर्यंत आला. नवरीची आत्या शेवटपर्यंत नाकाला रुमाल लावून बसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "साहेब, आज तरी गटारात हात घालायचा नव्हता." तर म्हणतात, "दारातच तुंबलं हुतं. पावणं काय उड्या मारत आत येणार हुतं?" कुणी वारलं की खड्डा खणायलाही हेच पुढं. आमचा खणणारा म्हातारा काठावर बसून "साहेब, डावीकडं घ्या जरा" असा हुकूम सोडतो आणि साहेब "व्हय, व्हय" म्हणत कुदळ मारतात. वर घामाघूम होऊन तेच प्रार्थनेला उभे. शेवटी पाळकांनी अंगमेहनतीचं काम करू नये, असा ठरावच मी सभेत मांडला. अध्यक्ष तेच. "झ्याक हाय," म्हणाले, एकमतानं मंजूर करून घेतला आणि सगळ्यांचे कप गोळा करून विसळायला गेले. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तेव्हा मी एक खुर्ची करून घेतली. सागवानी, उंच पाठीची, मखमली गादीची. म्हटलं, बूड टेकल्यावर तरी पदाची जाणीव होईल. कसलं काय. त्या खुर्चीवर उभं राहून त्यांनी ट्यूबलाइट बदलली. एकदा कागलहून आलेल्या गरोदर बाईला तिच्यात बसवून स्वतः जमिनीवर मांडी घातली. एका नाताळाला गादीवर कांद्याचं पोतं होतं. ते स्वतः मात्र एकदाही बसले नाहीत. मी विचारायचो, ते म्हणायचे, "बसतो की, सवड तर हुदे."

गेल्या नाताळाला सवड झाली. मंडपाचा वासा उचलताना पाठीत कळ आली, ती बसलीच. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, आणि हे बहुतेक कायमचंच. आणि नाताळाला आमच्या आवारात सगळ्या गल्लीचं जेवण. चुली कुठं मांडायच्या, हेसुद्धा आम्हा पंचांना ठाऊक नव्हतं, कारण आजवर ह्या माणसानं आम्हाला हात लावू दिला होता कुठं? धावपळ करून रस्सा कसाबसा शिजवला. साहेबांना चिंचेखाली खुर्चीत आणून बसवलं. मी पहिलं ताट त्यांच्यापुढं नेलं.

"समद्यांचं झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधी तुम्ही."

"मग झाकून ठेवा की."

"साहेब, आज तरी माझं ऐका."

त्यांनी ऐकलं नाही. गल्ली जेवून उठल्यावर गार झालेला रस्सा खाल्ला. मी रागारागानं पातेली घासायला बसलो, तर खुर्चीतून आवाज आला, "सेक्रेटरी, राख लावा. नुसत्या साबणानं बूड न्हाय निघत." बोलताना हात मांडीवर चुळबुळत होते.

आता शनिवारी संडास मी धुतो. साहेब दाराबाहेर खुर्चीत बसून "त्यो कोपरा ऱ्हायला" म्हणतात. खुर्चीत दिसतात मात्र रुबाबदार, अगदी माझ्या मनात होते तसे. मला बघवत नाही. रोज झोपण्याआधी मी एवढंच मागतो, की प्रभू, तुझ्या ह्या हट्टी माणसाला माझ्या खुर्चीतून उठव.