चाकाखालचे दोन दगड

हिरव्या पातळाचा पडदा मॅटॅडोरच्या खिडकीत फडफडायचा आणि प्रत्येक झुळकीसरशी डिझेल, गरम पत्रा आणि लसणाची फोडणी यांचा एकत्र वास नाकाशी यायचा... तसा वास मला पुन्हा कुठंच भेटला नाही. पातळ आईचं, लग्नात माहेरून आलेलं. विरून विरून पार जाळी झाली तेव्हा आबांनी त्याचे पडदे केले. आबा म्हणजे माझे वडील. जुन्नरला बाजारपेठ संपते तिथं त्यांचं गॅरेज होतं, टेम्पोच्या बॉड्या बांधायचं. एका गिऱ्हाइकानं मोडीत टाकलेली ती मॅटॅडोर त्यांनी महिनाभर खपून उभी केली, आत लोखंडी पाइपांची बाज बसवली, स्टोव्हसाठी पत्र्याचा कट्टा केला, कोपऱ्यात पाण्याचं पिंप बांधलं. आणि हे सगळं कशासाठी? तर बायकोला तिच्या स्वतःच्या माहेरी एक रात्र निजता यावं म्हणून! आजही सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आईचं माहेर तळेघरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. चार भातखाचरं, वर नाचणीची वरकस जमीन आणि त्याच्याही वर एक उघडा माळ, जिथं कधीकाळी आजोबांची मेंढरं बसायची. आजी लवकर गेली. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, आईनंच कडेवर वागवलं, झऱ्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, त्याच्या आजारपणात रात्री काढल्या. आणि आजोबांचे दिवस झाल्यावर त्याच मामानं तिच्यापुढं कागद ठेवला – जमिनीवरचा हक्क सोड म्हणून. आई म्हणाली, ‘‘खाचरं तूच कर बाबा, एक दाणा मागायची न्हाई. पन माझं नाव तिथं राहू दे.’’ बस्स, एवढंच मागणं. पण एवढ्यावर मामानं दार लावून घेतलं!

दिवाळीत सासुरवाशिणीला न्यायला माहेरून जो येतो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. आळीतल्या एकेकीचा मुराळी येऊन तिला घेऊन जायचा. आई उगाचच अंगणात रेंगाळायची, एसटी स्टँडवरून येणाऱ्या वाटेकडं बघत धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. दुसऱ्या वर्षीही मुराळी आला नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिनं निरांजन लावलं, अंगणात उभी राहिली आणि मावळतीला टेकलेल्या दुजेच्या कोरीला ओवाळू लागली – ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात ना, तशी. आबा गॅरेजातून येत होते. ते ओट्यापाशीच थबकले.

‘‘अगं, भाऊ जित्ता हाय तुजा! आन् चांदोबाला ओवाळतीस?’’

आबांनी हातातलं फडकं आपटलं. म्हणाले, ‘‘मुराळी येत न्हाई ना? मी व्हतो मुराळी. घरात जागा न्हाई ना? जागा संगं घिऊन जाऊ!’’ नवराच मुराळी... आळीतल्या बाया पदराआड फिदीफिदी हसल्या. हसोत बापड्या. माझ्या बापाएवढा शहाणा माणूस त्या आळीत दुसरा नव्हता, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

निघालो तो दिवस मार्गशीर्षातला, कोवळ्या उन्हाचा. मी चौथीत होते. आई मागं बाजेवर, मांडीवर करंज्यांचा डबा घट्ट धरून – दिवाळीच्या संपल्या होत्या म्हणून भावासाठी पुन्हा तळलेल्या. घोडेगाव मागं पडलं, डिंभे धरणाचं निळंशार पाणी झाडांआडून दिसू लागलं आणि रस्ता चढाला लागला. गाडी धापा टाकू लागली. दर दोन वळणांनी आबा खाली उतरत, फडक्यानं रेडिएटरचं झाकण फिरवत. वाफेचा भपकारा, जळक्या क्लचचा दर्प आणि त्यात मिसळलेला कापलेल्या भाताचा ओलसर, गोडूस गंध... आईनं पडदा बाजूला सारला होता. ‘‘ह्यो हिरडा बघ, ह्याच्या बुडाशी आमी बाळहिरडं येचायचो... ह्या वढ्यात तुजा मामा वाहून चालला व्हता, मी शेंडी धरून वढला त्याला.’’ तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी रस्त्याऐवजी तिच्याकडंच बघत बसले.

मामाच्या अंगणात गाडी वळली तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. मामा हातातली पेंढी तशीच धरून पुढं आला. बहिणीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

‘‘दाजी, गाडी हितं न्हाई लावायची. खळं सारवल्यालं हाय. आन् मुक्कामाचं म्हनाल तर आदी सही, मंग म्हायेर.’’

आई गाडीच्या दारात एक पाय खाली सोडून तशीच थांबली. ज्या अंगणात तिनं ह्या माणसाला रांगायला शिकवलं, त्या अंगणात तिचा पाय टेकला नाही! मला वाटलं, उडी मारावी आणि मामाच्या हाताला कडकडून चावावं. चावायला हवं होतं, असं आता वाटतं.

‘‘तुझं खळं तुला लखलाभ,’’ आबा एवढंच म्हणाले आणि गाडी थेट वरच्या माळावर घेतली. तिथं उतार होता. त्यांनी दोन काळे दगड हुडकून मागच्या चाकांना अडण लावली. आईनं स्टोव्ह पेटवला. तिन्हीसांजेला खालच्या घराचा धूर आणि आमच्या भाताची वाफ एकाच वाऱ्यावर होती. आई खिडकीशी बसून खालचा दिवा बघत राहिली, आणि मग, खरं सांगते, माहेरी आल्यासारखी गाढ झोपली.

सकाळी धुक्यातून मामी आली, डोईवर पाण्याची कळशी, पदराखाली सूप. ‘‘वन्सं, ते झऱ्यावर गेल्यात तवर आले. रिकाम्या वटीनं कशी जाऊ दिऊ?’’ आईनं तिला हाताला धरून वर घेतलं, बाजेवर बसवलं, चहा दिला – माहेरवाशीणच यजमानीण झाली होती! मामीनं नव्या तांदळानं तिची ओटी भरली. दोघींचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. करंज्यांचा डबा आईनं मामीजवळ दिला.

निघताना आबा दगड काढून फेकू लागले, तर आई म्हणाली, ‘‘जागच्या जागी ऱ्हाऊ द्या ते. गाडीपुरती जागा माझी.’’

गाडी तो घाट पुन्हा चढली नाही. तेवढ्या एका खेपेतच तिचं इंजिन बसलं. आईनं सही केली नाही, आणि माहेरही पुन्हा पाहिलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या अंगावर घालायला माहेरची साडी यायला हवी होती. आम्ही वाट पाहिली. शेवटी मी बाजारातून आणली, हिरवी. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

आणि गेल्या महिन्यात माझ्या दारात कोण यावं? मामाचा मुलगा! हातात पेढे, खिशात तोच हक्क सोडायचा कागद, आता माझ्या सहीसाठी. ‘‘ताई, तुमाला न्यायला आलोय.’’ इतक्या वर्षांनी मुराळी उगवला! माळावर म्हणे आता कॅम्पिंग होणार. पुण्या-मुंबईचे लोक चाकांवरची घरं घेऊन येणार, आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी... मोबाइलवर त्यानं दाखवलंही: अशीच एक पांढरीशुभ्र घरगाडी घाटात अडली होती, ट्रॅक्टर तिला ओढत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या आईच्या गाडीला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिला खळ्यावर उभं राहू दिलं नव्हतं. परक्यांसाठी ह्यांचा माळ मोकळा, सख्ख्या बहिणीला मात्र अंगण बंद! मी त्याला फाडफाड बोलले. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला.

मग चहा पिताना सहज म्हणाला, ‘‘आमचं म्हातारं लई तरास देतंय बघा, ताई. माळ सपाट कराया मशीन आलं, तर काठी टेकीत वर आलं. तितं दोन दगड हाईत काळं. त्यांच्यावर बसून ऱ्हायलं. म्हनं, हात लावू नका, अक्काचं हाईत ते. मशीन माघारी गेलं राव!’’

अक्का म्हणजे माझी आई, मामा तिला अक्काच म्हणायचा. मग एकदम इतका संताप आला, की त्या पोरापुढं मी रडले. मेल्या, दगड जपलेस... बहीण नाही जपलीस!

सही मी केलेली नाही. गॅरेजच्या परसात मॅटॅडोरचा सांगाडा अजून आहे, त्यात कोंबड्या बसतात. आईच्या पातळाच्या त्या पडद्याची एक चिंधी खिडकीच्या खिळ्याला अडकून राहिली आहे. ती सोडवून मी मामाच्या मुलाजवळ दिली. म्हटलं, तुझ्या म्हाताऱ्याला दे. माहेरची साडी द्यायची राहिली होती ना त्याची. म्हणावं, तिच्याजवळ होती.