भावाच्या बाजूची भिंत

पोलंडमधल्या सुवाल्की गावात आम्ही राहतो त्या जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर अर्ध्यात लुद्विकाबाई राहतात, अर्ध्यात त्यांचा थोरला भाऊ सेवेरिन. मी मुलीला घेऊन वर भाड्याने राहते.

दोन्ही भागांमध्ये पूर्वी दार होतं. त्यांची आई शेवटच्या हिवाळ्यात लुद्विकाबाईंकडे अंथरुणाला खिळली होती. तिच्या खोकल्याने झोपमोड होते म्हणून सेवेरिनने ते दार विटांनी बुजवलं. आई विचारत राहिली, "काय करतोय गं तो?"

"फडताळ," बाई म्हणाल्या.

आई गेली. भावाने एकदा तिचं नाव घेऊन 'चुकलं' म्हणावं, एवढंच बाईंना हवं होतं. तो म्हणाला नाही. बाईंची खोली तापवणारी, टाइल लावलेली उंच शेगडी त्याच भिंतीपाशी आहे. तिच्या फुकटच्या उबेत तो पलीकडे पलंग टाकून घोरायचा.

यंदा थंडीच्या तोंडावर बाईंनी त्या मधल्या भिंतीसाठी ऊब अडवणाऱ्या दगडी लोकरीचे जाड थर मागवले. कारागीर चक्रावला. "बाई, थंडी बाहेरच्या भिंतीतून येते. ही तर आतली!"

"माझी थंडी पलीकडे राहते," बाई म्हणाल्या. "शेगडीच्या मागेही दाबून भर."

डिसेंबरात भिंतीवर धपाधप बुक्के बसू लागले. "लुद्के, शेगडी विझली का गं?"

"छान पेटलीय रे! पाय शेकतेय!"

मला धास्ती वाटली. म्हातारा माणूस, रात्री गारठून काही झालं तर? मी तसं म्हटलंही.

"त्याला स्वतःची शेगडी आहे. लाकडं फोडायचा कंटाळा, दुसरं काय!"

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी आम्हा मायलेकींना जेवायला बोलावलं. रीतीप्रमाणे अनोळखी पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडलं होतं. दारात सेवेरिन उभा राहिला, अंगात दोन कोट.

बाईंनी पवित्र पोळी पुढे केली. ती एकमेकांची मोडून खाताना मनातलं किल्मिष बोलून टाकायचं असतं. बाई थांबल्या.

सेवेरिनने तुकडा मोडला. "तब्येत सांभाळ. आणि ते भिंतीचं काढून टाक, बाई."

"आईबद्दल काही?"

"सूप निवतंय."

बाईंनी त्याला त्या जास्तीच्या ताटावर बसवलं. पुन्हा पुन्हा वाढलं, अगदी परक्या माणसाला करतात तसा आग्रह करून. तोही पोटभर जेवला.

सण सरताच त्यांनी कारागिराला फोन लावला. "अजून एक थर बसेल का रे?"