मार्थाबाईंना ओळखीची वाटलेली चाल

नाशिक रोडच्या चर्चच्या बँडमध्ये मार्थाबाई पगारे सगळ्यात जुन्या गायिका, आणि सगळ्यात संशयी. नवं गाणं आलं, की ते कुठून ढापलंय हे त्या आधी शोधायच्या. एकदा एका भक्तिगीतात त्यांनी वरातीतल्या गाण्याची चाल पकडून दाखवली होती. तेव्हापासून पाळकसुद्धा त्यांना वचकून असत.

बँडची पद्धत अशी, की कीबोर्ड वाजवणारा सुयश आधी नुसती चाल आणायचा. ती 'ला ला' करत सगळ्यांच्या तोंडी बसली, की मग प्रार्थना करून, स्तोत्रसंहिता उघडून शब्द जुळवायचे. या वेळची चाल ऐकताच मार्थाबाईंचे कान टवकारले.

"ही मी ऐकलीय. खरं सांग, कुठून उचललीस?"

"रेकॉर्डिंग झाल्यावर सांगतो, मावशी," सुयश हसून म्हणाला. तो हसला, तशी त्यांची खात्रीच पटली.

रविवारच्या शाळेच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून, स्टेशनातली गाडी सुटेपर्यंत थांबून रेकॉर्डिंग झालं. मार्थाबाई गायल्या, पण कपाळाला आठ्या घालून. शेवटी सुयशने मोबाइल त्यांच्या कानाला लावला. त्यात झाडूची खरखर होती आणि तीच चाल गुणगुणणारा आवाज. शनिवारी चर्च झाडतानाचा, त्यांचाच.

"चाल तुमचीच आहे, मावशी. गाण्याखाली तुमचं नाव टाकतोय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्थाबाईंनी हात वर करून त्या थांबवल्या.

"नाव टाकू नकोस अजून," त्या म्हणाल्या. "मी कुठून ढापलीय, ते आधी शोधू दे."