धक्क्याला बांधलेलं घर

बस डेपोच्या कंट्रोलरला पोहता येत नव्हतं. समुद्र त्याला आवडायचा तो लांबून, बाकावर बसून, तेही वारा फार नसेल तर. आयुष्यभर त्याने खिडकीत बसून गाड्या सोडल्या आणि स्वतः खुर्चीतून हलला नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर शिडाच्या बोटीत राहणार, देशोदेशीच्या बंदरांतून हिंडणार, हे कळल्यावर डेपोतले ड्रायव्हर पोट धरधरून हसले. तेव्हापासून त्याचं नावच ‘कप्तान’ पडलं.

खूळ मुळात बायकोचं. ती ताडपत्र्या आणि शिडं शिवणाऱ्या कारखान्यात होती. जाड कापड जमिनीवर पसरायचं, गुडघ्यांवर रांगत खडूने रेघा ओढायच्या, मग मशीनवर बसायचं, असं तिचं काम. तिने शिवलेली शिडं कुठल्या कुठल्या समुद्रांवरून फाटून दुरुस्तीला परत यायची. त्यांवर परक्या बंदरात कुणीतरी घातलेले ओबडधोबड टाके असायचे. ते उसवताना तिचा जीव जळायचा. “माझं कापड जग बघून येतं आणि मी इथे गुडघे झिजवते,” असं ती घरी येऊन म्हणायची. कप्तान नुसतं हूं हूं करायचा.

मग तिचं एक जुनं गिऱ्हाईक वारलं. त्याच्या मुलांना बोटीची अडगळ झाली होती. तिने विचारलं आणि त्यांनी जवळजवळ देऊनच टाकली. घरी येऊन तिने आधी चहा ठेवला, मग म्हणाली, “बोट घेतली आपण. अहो, असे बघू नका. निवृत्तीला अजून वेळ आहे, शिकाल.”

आणि तो शिकला. लहान मुलांच्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, नाक दाबून पोहायला शिकला. सुट्टीच्या दिवशी दोघं डबा घेऊन धक्क्यावर जात. त्याने बोटीच्या तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडल्या, इंजिनाचं तेल अंगावर घेतलं, डेपोत टेबलाखाली दोरीचा तुकडा ठेवून गाठी घोटल्या. तिने शिडं शिवली, गाद्यांना खोळी शिवल्या, आणि बोट हलली तरी पडू नयेत म्हणून चष्म्यांना नि औषधांना भिंतीवर कापडी खिसे लावले. होता होता तिचं खूळ त्याच्या अंगात भिनलं. पानं हलताना दिसली की वारा कुठला आहे ते तो आपसूक बघायचा. एकदा वाऱ्याच्या नादात त्याने गाडी भलत्याच फलाटावर लावायला सांगितली, तेव्हा साहेबांनी कपाळाला हात लावला.

मुलगा दुसऱ्या शहरात होता. त्याला हे पसंत नव्हतं. “बाबा, या वयात लोक औषधाच्या दुकानाजवळ घर बघतात,” तो फोनवर म्हणाला. सून मात्र सासूच्या बाजूची होती. घरातलं सामान वाटायला सुरुवात झाली. कपाट नणंदेकडे गेलं, जेवणाचं टेबल शेजाऱ्यांकडे. रिकाम्या खोलीत बोलणं घुमू लागलं, त्याचीही दोघांना गंमत वाटायची.

दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाली. पुढच्याच आठवड्यात ती ओट्याशी भाजी चिरत होती आणि घर फिरलं. तिने सुरी टाकली, ओटा घट्ट धरला, तरी ओटाच फिरत होता. कप्तान धावत आला तेव्हा ती फरशीवर बसून उलट्या करत होती.

कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कानाच्या आत पाण्याचा दाब वाढतो, त्याने तोल जातो. जिवाला धोका नाही, पण हे बरंही होत नाही. गोळ्यांनी आवरलं तर आवरलं. पुन्हा केव्हा येईल, तेही सांगता यायचं नाही. कप्तानाने बोटीचं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते आता विसरा म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त जरा गोड बोलून.

तिचा विश्वास बसेना. एका दुपारी, वारा अगदी पडलेला असताना, ती हट्टाने बोटीवर गेली. बोट धक्क्याला बांधलेलीच होती. गाद्यांवरून हात फिरवून होतो न होतो तोच तिने खाली बसून टेबलाचा पाय धरला. शेजारच्या बोटवाल्याच्या मदतीने कप्तानाने तिला उचलून धक्क्यावर आणलं. पालथी पडून, गाल फळ्यांना टेकवून ती म्हणाली, “तुम्ही जा.”

“एकटा जाऊन काय करू?”

“मग मी एवढं कुणासाठी शिवलं?”

नाही म्हटलं तर तिच्या इतक्या वर्षांवर पाणी पडत होतं आणि हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी तिनेच टोचून टोचून त्याला एक दिवस बाहेर पाठवलं. त्याची बहीण तिच्या सोबतीला घरी येऊन बसली. कप्तान एकटा खाडीच्या तोंडापर्यंत गेला, शीड भरलं, बोट एका अंगावर कलली आणि पाणी कापत निघाली. त्याला स्वतःशीच मोठ्याने हसू आलं. परतताना त्याने तोंड धुतलं, चेहरा सारखा केला आणि घरी आल्यावर म्हणाला की काही खास नाही, इंजिनच कुरकुरतंय.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. “छान होतं ना?” तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला. ती भिंतीकडे वळून निजली.

त्यानंतर तो पुन्हा गेला नाही. विकूही म्हणाला नाही, जाऊही म्हणाला नाही. पहिल्यांदा दर सुट्टीला जाऊन बोटीतलं पाणी उपसायचा, मग तेही राहत गेलं. एखादा झटका तिला अख्खा दिवस पाडायचा, मग महिनाभर काही नसायचं. तेवढ्या महिन्यात दोघांना पुन्हा आशा वाटू लागायची, आणि तोच खरा छळ होता. कधीकधी तिच्या आजाराचा त्याला राग यायचा. मग त्या रागाची लाज वाटायची आणि तो उगाचच भांडी घासायला घ्यायचा. डेपोतले जुने सोबती रस्त्यात भेटले की “काय कप्तान, कधी निघताय?” म्हणत. तो “बघू” म्हणे.

शेवटी धक्क्याच्या कचेरीतून निरोप आला की बोटीत पाणी भरतंय, काहीतरी करा. तेव्हा तिनेच शेजारच्या बोटवाल्याला फोन लावून गिऱ्हाईक शोधायला सांगितलं. कप्तान समोर बसून ऐकत होता. त्याने तिला थांबवलं नाही.

एक नवराबायको आले, बोट बघून हरखले. द्यायच्या दिवशी तो एकटाच गेला. त्याने त्यांना पंप दाखवला, कुठली खिडकी गळते ते सांगितलं. बाईने विचारलं की हे खिसे कुणी शिवले, किती सोयीचे आहेत. “घरून करून आणलेत,” एवढंच तो म्हणाला. किल्ल्या दिल्या आणि बसने परत आला.

बायको पलंगावर आडवी होती. गेली का, तिने विचारलं. तो गेली म्हणाला. माणसं कशी आहेत विचारलं, बरी आहेत म्हणाला. आणखी काही सांगायचं म्हणून तो कडेला टेकला, तोच तिने चादर मुठीत धरली. त्याला आता ते ओळखू यायचं. तो बादली आणायला उठू लागला.

“हलू नका,” ती डोळे मिटून म्हणाली. “तुम्ही हललात की सगळंच हलतं.”

तो तिथेच थांबला. धड बसलेला नाही, धड उभा नाही, एक हात पलंगाच्या दांडीवर. बादली हात पोचेल त्याच्या जरा पलीकडे होती.