डोणीतलं पाणी

तारकर्लीत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, लागली की पाण्यात सगळ्यांत आधी कोण उतरणार, हे विचारायची गरज नसे. गणपत! किनाऱ्यावरून दोर ओढायला पंधराजण पुढे येत, पण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला हाच. गावाने त्याला कष्टाळू ठरवून टाकलं आणि तोही मान खाली घालून ते कौतुक पचवत राहिला. खरं सांगायचं तर वाळू जरा तापली की त्याच्या तळपायांत निखारे पेटत, आणि पाय पाण्यात गेले की विझत. एवढेच काय ते कष्ट.

यात लबाडी नव्हती हो. त्याच्या बापाचे पाय असेच जळायचे, आत्याचेही. घरात लहानपणापासून हेच बघितलेलं, त्यामुळे माणसाचे पाय जळतातच अशी त्याची समजूत. बाकीचे मुकाट सोसतात, आपणच जरा कच्चे, असं त्याला वाटे.

म्हणूनच एकुलती लेक दीपिका नऊ वर्षांची असताना शाळेतून आली की विहिरीजवळच्या दगडी डोणीत पाय बुडवून बसायला लागली, तेव्हा तो भडकला. "सगळ्यांचेच जळतत. सोसूक शिक!" म्हणत त्याने तिच्यासमोर डोण उपसली आणि पाणी माडाच्या मुळात ओतलं. त्यानंतर पोर पायांबद्दल अवाक्षर बोलली नाही. बापाशीही कामापुरतंच बोले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. इथे तर वंश एकच होता, तरी कळलं नाही.

पुढे चांगलं स्थळ आलं, आणि तिला दिली कुठे, तर सोलापूरला. तिथल्या उन्हात पाय धरून बसली की सासरचे म्हणत, कामाचा कंटाळा. चार वर्षांत ती माहेरी आली नव्हती. बायको गेल्यापासून एकटा पडलेला गणपत तिच्या फोनची वाट बघे. आलाच तर दोन मिनिटांचा.

यंदा तिचे पाय तपासणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांसाठी तिने त्याचं रक्त मागितलं. कशाला, हे न विचारता त्याने मालवणात जाऊन दिलं. काही आठवड्यांनी फोन आला.

"बाबा, माझ्या एका जनुकात दोष आसा. जरा ऊब लागली तरी नसा आग लागल्यासारख्या बोंबलतत. ह्यो दोष तुमच्याकडसून इलो. तुमचे पण पाय जळायचे?"

"जळायचे गो. अजून जळतत."



"मगे माझा पाणी कित्याक ओतलात?"

"माका वाटला, सगळ्यांचेच जळतत. तुका सोसूक शिकवत होतंय. आणि दिलंय खंय तुका? जंय समुद्र नाय थंय."

दीपिका रडली. मग म्हणाली, गोळ्या सुरू झाल्यात, आग निम्मी झालीय. मे महिन्यात येशील का, असं त्याने विचारलं. "बघतंय," एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून गणपत रोज सकाळी डोण घासून काठोकाठ भरतो. ऊन चढलं की पाणी तापतं, म्हणून दुपारी ते उपसून विहिरीचं गार पाणी पुन्हा भरतो. त्या वेळी त्याचे स्वतःचे पाय पेटलेले असतात. तो डोणीच्या कडेला बसून राहतो, पण पाय आत घालत नाही. ते पाणी दीपिकाचं आहे.