उलटी मूठ

मळणीयंत्रानं बादलचा उजवा पंजा घेतला तेव्हा बोरी अरबमध्ये सगळे एकच बोलले. एवढी गाडी पळवणारा पोरगा, आता काय चालवणार? जीव वाचला याबद्दल कुणी फार बोललं नाही. बादललाही त्यात चूक वाटली नाही.

मनगटाच्या पुढं काही उरलं नव्हतं. कुठं जायचं तर कुणाच्या तरी मागं बसून. तो निघेल तेव्हा निघायचं, तो वळेल तिकडं वळायचं. एकदा दिग्रसच्या बाजारात ज्याच्या मागं बसून गेला, तो त्याला विसरून परत आला. बादल एसटीनं घरी आला आणि चुलीपाशी बसला.

"माय, मी माही गाडी बनवतो."

इंदूबाई भाकर थापत होती. "हात हायेत का तुले?"

"एक हाय न."

भंगारातून एका कंपनीची चेसिस आली, दुसऱ्या कंपनीचं इंजिन आलं, टाकी तिसरीच. एकाचं भोक दुसऱ्याला जुळेना. घरी कानस होती, लोखंड कापायचं एक्साब्लेड होतं, हातानं फिरवायचं ड्रिल होतं. बाभळीच्या ओंडक्यावर त्यानं लोखंड आवळून धरायचा जुना वाईस ठोकला. ड्रिलचा मागचा दांडा छातीनं दाबायचा आणि डाव्या हातानं फिरवायचं. छातीवर रुपयाएवढा काळा डाग पडला तो गेलाच नाही. इंजिन बसवायला लोखंडी पट्ट्या कापल्या. मागचं चाक हलत होतं, तर फवारणीच्या पंपाची पितळी नळी कापून, घासून, तिचे आसावर घट्ट बसणारे बुश केले. अंगणात लोखंडाचा कीस पडे. इंदूबाई तो झाडून कुंपणाबाहेर टाकी आणि कोंबड्यांना हाकली.

पुढचा ब्रेक त्यानं पायाच्या ब्रेकलाच जोडला. उजव्या बाजूला टायरच्या रबराची वाटी केली, थोटा हात टेकवायला. राहिली एक्सिलेटरची मूठ. ती उजव्या हाताची. बादलनं ती डावीकडं, क्लचजवळ बसवली.

तिथं ती उलटी झाली. कुठल्याही गाडीची मूठ आपल्याकडं ओढली की वेग वाढतो, पुढं ढकलली की कमी होतो. बादलच्या गाडीला पुढं ढकलली की वेग वाढे, ओढली की कमी होई. मुठीच्या आतल्या नळीची खाच दुसऱ्या बाजूनं कापली असती तर ती सरळ झाली असती. कानशीचं काम होतं. पण पहिल्याच फेरीत त्याच्या डाव्या हातानं ते उलटं शिकून घेतलं. मग त्यानं कानस बाजूला ठेवली.

जोडीदार अमर शाळेच्या पटांगणात ती चालवायला बसला. गाडीनं त्याला दोन हिसके दिले. पोरं हसून लोळली.

"बाप्पा! हे त माह्या बायकोसारखी हाय बे," अमर ओरडला. "म्हनलं त्याच्या उलटं!"

"तुह्यासाठी नाई बनवली लेका."

"सरळ करून टाक न पन."

"कायले? मले जमते."

त्यानंतर बादल एकटा फिरू लागला. काम नसताना नेरपर्यंत जाऊन, चहा पिऊन परत येई. इंदूबाई कुणी विचारलं तर "गेला गाडी घेऊन" एवढंच म्हणे, पण जरा मोठ्यानं.

फवारणीच्या दिवसांत एका सकाळी अमर आला. त्याची गाडी पंक्चर होती आणि शेतात औषध संपलं होतं. बाप, देवराव, पंप पाठीला बांधून बांधावर थांबला होता.

"गाडी नेतो बे."

आमच्याकडं गाडी मागणं म्हणजे सांगणंच असतं. किल्ली गाडीलाच असते. नाही म्हणणारा माणूस मग कायमचा तसाच ओळखला जातो. पण बादलचं तेवढंच नव्हतं. इतके दिवस तो लोकांच्या गाड्यांकडं बघत उभा राहिला होता. आज कुणीतरी त्याच्याकडं गाडी मागत होतं.

"ने," तो म्हणाला. आणि त्याला फार बरं वाटलं.

दारव्ह्याच्या रस्त्यावर नाल्याचा पूल आहे. पुलावर म्हशी चढल्या होत्या. अमर म्हशींना लागला नाही. कठड्याला लागला आणि खाली दगडांवर गेला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

म्हशी राखणाऱ्यानं गावात सांगितलं, "म्हशी दिसल्यावर त्यानं रेस कमी नाई केली, अजून देल्ली. गाडी बोंबलत आली."

एवढं पुरलं. पानठेल्यावर कुणी म्हणालं, सकाळीच घेतली असेल. कुणी म्हणालं, हिरोगिरी. तेरावं होईपर्यंत अमर दारू पिऊन मेला हे पक्कं झालं होतं. देवराव माळकरी. त्याच्या घरात कधी बाटली आली नव्हती. तो पानठेल्यावरून जायचा बंद झाला.

बादलला पहिल्याच दिवशी समजलं होतं. म्हशी दिसल्या. अमरच्या हातानं मूठ पुढं ढकलली, लहानपणापासून ढकलत आला तशी. गाडीनं उडी घेतली. घाबरून त्यानं अजून ढकलली. हे गावात एकट्या बादलला दिसत होतं. तो बोलला नाही. बोललं की मेलेल्या अमरवरचा दोष उचलून आपल्यावर येणार होता.

पोलिसांनी गाडी परत दिली. देवराव अंगणात आला तेव्हा ती भिंतीला टेकून होती. पुढचं चाक वाकलं होतं.

"बादल, तू तरी खरं सांग. पेलता का माहा पोरगा?"

बादलनं मान हलवली. नाही.

"मंग रेस कायले देईन तो?"

इंदूबाई दारात उभी होती. बादल उठला. देवरावचा डावा हात धरून त्यानं मुठीवर ठेवला.

"काका, समोर म्हशी हायेत. गाडी थांबवा."

देवरावच्या हातानं मूठ पुढं ढकलली. बादलनं इंजिनाकडं जाणारी वायर दाखवली. ती ताणली गेली होती.

"याच्यानं वाढते," बादल म्हणाला. "ह्या गाडीले. मीच बसवली अशी."

देवरावनं मूठ सोडली. परत ढकलली. परत वायर ताणली. तो बराच वेळ तेच करत राहिला.

"म्हन्जे थांबवाले गेलता तो."

"हो काका."

"चाल. हे तिथं सांग."

पानठेल्यावर पाच-सात माणसं होती. बादल उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. मूठ, खाच, अमरचं "सरळ करून टाक" म्हणणं, सगळं. अमर प्यालेला नव्हता हे ऐकताच देवराव वळला आणि घरी निघून गेला. बाकीचं ऐकायला थांबला नाही.

पानवाल्यानं काताचं भांडं उगाच सरकवलं. मग म्हशी राखणारा म्हणाला, "तुले मालूम होतं न बे उलटी हाय. मंग देल्ली काहून?"

बादलनं तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडं बघत होते.

"मांगली त्यानं," तो म्हणाला.