पाटीवरून गेलेला भाऊ
छपाईच्या शाईचा वास आला की मला आखातातल्या अजमानमधला आमचा प्रेस आठवतो. नव्वदच्या दशकात मी आणि दादाने तो मिळून उभा केला होता. दुपारी मशीन बंद असलं की दादा मला एका अमेरिकन प्रकाशकाचं चरित्र वाचून दाखवायचा. शंभरेक वर्षांपूर्वीचा तो माणूस शाळेची पुस्तकं छापून मोठा झाला, पण तो गेल्यावर त्याच्या थोरल्या मुलाने धाकट्याला धंद्यातून काढलं. तिथे दादा पुस्तक मिटून म्हणाला, "सख्ख्या भावाशी कुणी असं वागतं का रे?" त्याच उन्हाळ्यात बायकोच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला गेलो. परतलो तर पाटीवरचं 'अँड ब्रदर' गायब होतं. विचारलं तेव्हा दादा मान खाली घालून म्हणाला, "पार्टनरशिप खलास झाली रे. तू पगारावर राहा, व्हिसाचं मी बघतो." बायको आणि तान्ही मुलगी तिकडे व्हिसाचीच वाट बघत होत्या, म्हणून मी "बरं दादा" म्हटलं आणि मशीन चालू केलं. आता मी पुण्यात असतो; दर दिवाळीला त्याचा फोन येतो. मी त्याची तब्येत विचारतो, आणि फोन बायकोच्या हातात देतो.